जुन्या आणि नव्या पायथॉनवर एकच कोड: बदललेल्या मॉड्यूल-नावांच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

मापन-संकलनाच्या पॅकेजचे काम आजपासून हाती घेतले. दूर बसवलेल्या मापनयंत्रांकडून आकडे मागवणे, ते डिस्कवरील रांगेत तात्पुरते साठवणे आणि जोडणी मिळताच मुख्य सर्व्हरकडे पाठवणे एवढेच हे पॅकेज करते. ते ज्या संगणकांवर चालवायचे आहे त्यांपैकी एकावर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची २.७ ही आवृत्ती आहे, आणि त्या संगणकातील कार्डाचा ड्रायव्हर पुढच्या आवृत्तीवर चालत नसल्यामुळे तो संगणक आहे तसाच राहणार आहे. इतरत्र ३.८ आणि ३.१२ आहेत, तर नव्या सर्व्हरवर ३.१३ येणार आहे. २.७ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि एप्रिल २०२० मधील २.७.१८ ही त्याची अखेरची आवृत्ती ठरली. तरीही दोन वेगळे कोड सांभाळण्याइतकी माणसे आमच्याकडे नाहीत, म्हणून एकच कोड चारही आवृत्त्यांवर चालला पाहिजे असे ठरले.

दिवसभर फक्त इम्पोर्टच्या, म्हणजे दुसऱ्या मॉड्यूलमधला (कोडच्या फाइलमधला) कोड वापरासाठी मागवणाऱ्या, ओळी वाचल्या. ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली तेव्हा पेप ३१०८ या प्रस्तावानुसार स्टँडर्ड लायब्ररीची, म्हणजे पायथॉनसोबतच येणाऱ्या मॉड्यूलांच्या संचाची, फेरमांडणी झाली होती, आणि आमच्या अडचणींचा पहिला थर तिथला आहे. काही मॉड्यूलांचे केवळ अक्षर बदलले: क्यू, कॉन्फिगपार्सर, सॉकेटसर्व्हर ही नावे कॅपिटल अक्षरांनी लिहिली जात, ती पूर्ण स्मॉल झाली. काही मॉड्यूले एका छत्राखाली गेली: युआरएललिब२, युआरएलपार्स आणि जुन्या युआरएललिबचा मोठा भाग आता युआरएललिबच्या पार्स, रिक्वेस्ट आणि एरर या उपमॉड्यूलांत आहे, तर एचटीटीपीलिबचे एचटीटीपी.क्लायंट झाले. पायथॉनच्या वस्तू डिस्कवर साठवणाऱ्या पिकल या मॉड्यूलचे सीपिकल हे जलद रूप वेगळे उरले नाही. पिकल स्वतःच जलद रूप उपलब्ध असेल तर ते वापरते. दुसरा थर ताजा आहे, म्हणजे ३.१० पासून पुढे काढून टाकलेली नावे. तो वेगळा बघावा लागेल.

७ जानेवारी, मंगळवार

नव्या नावाने इम्पोर्ट करून पाहायचे आणि इम्पोर्टएरर आली की जुन्या नावाकडे वळायचे, हा सर्वांच्या हातवळणी पडलेला मार्ग मीही सुरुवातीला घेतला. सेटिंगच्या फाइली वाचणाऱ्या कॉन्फिगपार्सरसाठी तो लिहिला, २.७ आणि ३.१२ या दोन्हींवर चाचण्या पार पडल्या आणि मी पुढच्या फाइलकडे गेले. दुपारी २.७ च्या संगणकावर खरे यंत्र जोडल्यावर मात्र पॅकेट तयार करण्याच्या ओळीत युनिकोडडिकोडएरर आली. त्या ओळीत सेटिंगमधून आलेला यंत्राचा तीन अक्षरी उपसर्ग आणि त्यापुढे मापाचे बाइट्स जोडले जातात, आणि त्या फाइलला गेल्या कित्येक महिन्यांत कोणी हात लावलेला नव्हता.

कारण सापडायला दीड तास गेला. त्या संगणकावर दुसऱ्या एका पॅकेजसोबत कॉन्फिगपार्सरचे २.७ साठीचे बॅकपोर्ट (नव्या मॉड्यूलची जुन्या आवृत्तीवर चालणारी प्रत) येऊन बसले होते, त्यामुळे स्मॉल अक्षरांतील नव्या नावाचे इम्पोर्ट २.७ वरसुद्धा यशस्वी झाले आणि जुन्या नावाकडे जाणारी वाट कधी उघडलीच नाही. २.७ चे मूळ मॉड्यूल बाइट-स्ट्रिंग परत देते, बॅकपोर्ट युनिकोड देते. युनिकोडला बाइट-स्ट्रिंग जोडताना पायथॉन २ ती गुपचूप आस्की समजून उलगडते, आणि १२७ पेक्षा मोठा बाइट येईपर्यंत काहीही बिघडत नाही. चाचणीतील नमुन्याची मापे लहान होती म्हणून चाचण्या पार पडल्या होत्या. फ्यूचर हे पॅकेजसुद्धा २.७ वर बिल्टिन्स, क्यू, कॉन्फिगपार्सर अशा नव्या नावांची मॉड्यूले बसवते, तेव्हा हा प्रकार आमच्यापुरता अपवादात्मक मानण्यात अर्थ नाही.

ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे करून पाहणे आणि त्रुटी आली की दुसरी वाट घेणे, विचारते ते एवढेच, की या नावाचे काहीतरी सापडते का. आम्हाला विचारायचे होते की आपण कोणत्या पायथॉनवर आहोत. म्हणून स्टँडर्ड लायब्ररीच्या मॉड्यूलांसाठी चालू पायथॉनचा आवृत्ती-क्रमांक देणाऱ्या सिस.व्हर्जन-इन्फो वर आधारलेली सरळ अट लिहायची आणि ट्राय-एक्सेप्ट केवळ खरोखर ऐच्छिक असलेल्या बाहेरच्या पॅकेजांसाठी राखायचे, असा निर्णय घेतला. या निर्णयाला आणखी एक आधार आहे. नवे मॉड्यूल अस्तित्वात असूनही त्याच्या आतले एखादे इम्पोर्ट फसले, तरी इम्पोर्टएररच येते, आणि एक्सेप्ट तिला गिळून जुन्या नावाच्या शोधात निघते. मग ट्रेसबॅकमध्ये तक्रार भलत्याच नावाची दिसते. ३.६ पासून मॉड्यूलनॉटफाउंडएरर वेगळी मिळते आणि न सापडलेले नाव तिच्यावर नोंदलेले असते, परंतु २.७ वर ती सोय नाही.

९ जानेवारी, गुरुवार

युआरएललिब. हा दिवस पूर्ण त्यातच गेला, आणि तो जाणे योग्यच होते.

पहिली गोष्ट अशी की युआरएललिब हे नाव दोन्हीकडे आहे. त्यामुळे नुसते युआरएललिब इम्पोर्ट करणारी ओळ कुठेही फसत नाही. फसते ती नंतरची, जिथे युआरएललिब.कोट बोलावले जाते, आणि तीही अ‍ॅट्रिब्यूटएरर देऊन, प्रत्यक्ष त्या फंक्शनपर्यंत पोहोचल्यावरच. आमच्या पॅकेजात ती ओळ जोडणी तुटल्यानंतरच्या मार्गावर होती, म्हणजे रोजच्या चालण्यात तिच्यापर्यंत कोणी जातच नव्हते. याची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. पायथॉन ३ वर केवळ युआरएललिब इम्पोर्ट केल्याने युआरएललिब.पार्स हाती येतेच असे नाही. पण दुसऱ्या कोणत्याही मॉड्यूलने ते आधी आणलेले असेल तर ते मिळते. एका फाइलमध्ये नेमके असेच उसने घेतलेले नाव वापरले जात होते, आणि इम्पोर्टचा क्रम बदलताच ती फाइल पडली.

दुसरी गोष्ट फंक्शनच्या वागण्याची. आमच्या कोडमध्ये एका ठिकाणी जुन्या युआरएललिबचे युआरएलओपन होते आणि दुसऱ्या ठिकाणी युआरएललिब२ चे. पायथॉन ३ मधील युआरएललिब.रिक्वेस्टचे युआरएलओपन हे दुसऱ्याचे वारस आहे. जुन्या युआरएललिबचे युआरएलओपन ४०४ आल्यावर तक्रार करत नाही, ते त्रुटीचे पानच परत देते आणि तपासणी गेटकोडने करावी लागते. युआरएललिब२ चे एचटीटीपीएरर फेकते. पहिल्या ठिकाणच्या कोडमध्ये गेटकोड ४०४ असेल तर यंत्र काढून टाकले आहे असे मानून पुढच्या यंत्राकडे जाण्याची पायरी होती. मी नाव बदलले, आणि ती पायरी ३.१२ वर पोहोचण्याजोगी राहिली नाही, कारण त्याआधीच एचटीटीपीएरर येऊन संपूर्ण फेरी थांबत होती. आवृत्तीनुसार बदलणारी नावे एकाच जागी ठेवणाऱ्या आमच्या कॉम्पॅट फाइलमध्ये दोन्ही आवृत्त्यांसाठी युआरएललिब२ च्या वंशातले रूप घेतले आणि ४०४ ची पायरी एचटीटीपीएरर पकडून नव्याने लिहिली. २.७ वरचे वागणेही त्यामुळे बदलले, परंतु दोन्हीकडे एकसारखे झाले, आणि मला तेच हवे होते.

तिसरी गोष्ट थोडक्यात: युआरएलएनकोडने दिलेले उत्तर पायथॉन ३ वर मजकूर असते आणि पोस्टसाठी बाइट्स लागतात, म्हणून पाठवण्यापूर्वी ते आस्कीत एनकोड केले. २.७ वर तीच ओळ निरुपद्रवी ठरते.

१० जानेवारी, शुक्रवार

स्ट्रिंगआयओच्या पाच जागा. आयओ.स्ट्रिंगआयओ २.७ वरही मिळते, म्हणून सरसकट तेच घ्यावे असा मोह होतो. परंतु ते फक्त युनिकोड स्वीकारते, तर जुने मॉड्यूल दोन्ही चालवून घेत असे. प्रत्येक जागी आत काय जाते ते पाहिले. चार जागी बाइट्स निघाले, तिथे दोन्ही आवृत्त्यांवर बाइट्सआयओ बसले. पाचवी जागा सीएसव्ही लिहिण्याची होती. सीएसव्ही मॉड्यूल २.७ वर बाइट्स लिहिते आणि ३ वर मजकूर, त्यामुळे तिथे आवृत्तीनुसार वेगळा बफर देणारे छोटे फंक्शन कॉम्पॅटमध्ये ठेवले.

१३ जानेवारी, सोमवार

सिक्स हे पायथॉन २ आणि ३ यांतील फरक झाकणारे तयार पॅकेज का वापरत नाही, असा प्रश्न सहकाऱ्याने विचारला आणि तो रास्त होता. सिक्स.मूव्ह्जमध्ये या बहुतेक नावांची जुळणी तयार मिळते, आणि कोड मोठा असेल तर मी स्वतः तेच सुचवीन. आमच्या पॅकेजात तर कोणीतरी पूर्वीच सिक्सची फाइल कॉपी करून ठेवलेली निघाली. ती ३.८ वर चालली, पण ३.१२ वर सिक्स.मूव्ह्ज नावाचे मॉड्यूल नाही अशी त्रुटी आली, जरी फाइल जागेवर होती आणि तिच्यातले एक अक्षरही बदललेले नव्हते.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मूव्ह्ज ही डिस्कवरची फाइल नाही. सिक्स स्वतःचा एक शोधक सिस.मेटा-पाथ मध्ये नोंदवतो आणि कोणी त्या नावाने मागितले की मॉड्यूल तिथल्या तिथे उभे करून देतो. जुन्या प्रतीतील शोधक फाइंड-मॉड्यूल या जुन्या पद्धतीने बोलतो, आणि ३.१२ ने ती पद्धत विचारणेच बंद केले. फाइंड-स्पेक ही नवी पद्धत सिक्समध्ये १.१६.० पासून आहे. कॉपी करून आत घेतलेले पॅकेज असे गोठून राहते, आणि पिपच्या यादीत ते दिसत नसल्यामुळे जुने झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आम्हाला एकूण अकरा नावे लागतात. त्यासाठी स्वतःची कॉम्पॅट फाइल पुरेशी आहे, असे ठरवून ती जुनी प्रत काढून टाकली.

१५ जानेवारी, बुधवार

आज दुसरा थर घेतला, म्हणजे ३ च्या आतच हललेली नावे. इथे मला वाटत होते त्यापेक्षा जास्त काम निघाले, कारण "पायथॉन ३ वर चालते" या शिक्क्याखाली हे सगळे झाकलेले होते.

कलेक्शन्समधून मॅपिंग घेणारी ओळ ३.१० पासून चालत नाही. ते नाव ३.३ पासून कलेक्शन्स.एबीसी मध्ये आहे आणि २.७ वर मात्र जुन्याच जागी आहे. कॉन्फिगपार्सरचे मॉड्यूल मिळाले तरी त्यातला सेफकॉन्फिगपार्सर हा क्लास ३.१२ मध्ये गेला, कारण ३.२ पासून कॉन्फिगपार्सर हाच क्लास ते काम करतो, २.७ वर मात्र आम्हाला सेफ असलेलाच हवा. त्यासोबत रीडएफपी ही मेथडही गेली आणि तिची जागा रीड-फाइल ने घेतली. मेथडचे नाव इम्पोर्टच्या ओळीत दिसत नाही, म्हणून माझ्या पहिल्या दिवसाच्या यादीत ती आलीच नव्हती.

डिस्टयुटिल्सने सर्वांत जास्त फसवले. आवृत्ती-क्रमांकांची तुलना करण्यासाठी त्यातला लूजव्हर्जन वापरला होता. डिस्टयुटिल्स ३.१२ मध्ये काढले गेले, तरी माझ्या संगणकावर ३.१२ वर ती ओळ बिनतक्रार चालत होती. सेटअपटूल्स हे वेगळे पॅकेज स्वतःजवळची डिस्टयुटिल्सची प्रत त्या नावाखाली पुरवते, आणि माझ्या जुन्या वातावरणात सेटअपटूल्स बसलेले होते. ३.१२ पासून नवे व्हर्च्युअल वातावरण (पॅकेजांचा वेगळा, स्वतंत्र संच) तयार करताना सेटअपटूल्स आपोआप येत नाही. तसे कोरे वातावरण बनवताच ती ओळ पडली. यापुढे चाचणी दर वेळी कोऱ्या वातावरणातच चालेल, असा बदल चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये लगेच केला.

यंत्रांची प्लगइन फाइल इम्प.लोड-सोर्स ने उघडली जात होती, आणि इम्पही ३.१२ मध्ये गेले. इम्पोर्टलिब.युटिल मधून स्पेक बनवणे, त्यावरून मॉड्यूल बनवणे आणि मग ते चालवणे अशा तीन पायऱ्या त्याच्या जागी येतात. जुने फंक्शन मॉड्यूल सिस.मॉड्यूल्स मध्ये नोंदवून ठेवत असे, नव्या पायऱ्यांत ती नोंद आपण स्वतः करावी लागते. ती राहिली तर त्या प्लगइनमधल्या क्लासच्या वस्तू पिकल होत नाहीत. ही नोंद करणारी ओळ मी आधी विसरले होते आणि प्लगइनच्या चाचणीने ते दाखवून दिले.

सेटअपच्या फाइलमध्ये सिस.व्हर्जन या स्ट्रिंगची पहिली तीन अक्षरे घेऊन तुलना केलेली आढळली. ३.१० पासून पुढच्या प्रत्येक आवृत्तीवर त्यातून ३.१ एवढेच हाती येते. तिथेही व्हर्जन-इन्फो ची अट घातली.

१७ जानेवारी, शुक्रवार

आमच्या पॅकेजात क्यू नावाची स्मॉल अक्षरातली स्वतःची फाइल आहे. पायथॉन २ च्या काळात ती कोणाच्याही आड येत नव्हती, कारण स्टँडर्ड लायब्ररीतले मॉड्यूल कॅपिटल अक्षराचे होते. लायब्ररीतल्या नावाचे अक्षर लहान झाले आणि आमची फाइल बरोबर त्याच्या नावावर येऊन बसली. पॅकेज म्हणून इम्पोर्ट केले तर पायथॉन ३ वर अडचण नाही, परंतु देखभालीची एक स्क्रिप्ट त्याच फोल्डरमधून थेट चालवली जाते; तेव्हा स्क्रिप्टचा फोल्डर सिस.पाथ मध्ये सर्वांत पुढे येतो आणि क्यू मागणाऱ्या लायब्ररीतल्या इतर मॉड्यूलांना आमची फाइल मिळते. फाइलचे नाव जॉबस्टोअर केले.

आणि लगेच लक्षात आले की जुने नाव डिस्कवरही आहे. रांगेतली प्रत्येक नोंद म्हणजे एक पिकल फाइल आहे, आणि पिकल क्लासचा कोड साठवत नाही, तर त्याच्या मॉड्यूलचे आणि क्लासचे नाव साठवते. एक फाइल पिकलटूल्सने उलगडून पाहिली तेव्हा तिच्या सुरुवातीलाच संकलन.क्यू आणि जॉब ही दोन नावे अक्षरशः लिहिलेली दिसली. नाव बदललेल्या कोडपुढे न पाठवलेल्या सर्व नोंदी निरुपयोगी ठरल्या असत्या. लायब्ररीच्या स्वतःच्या बदललेल्या नावांची काळजी पायथॉन ३ चे पिकल फिक्स-इम्पोर्ट्स या पर्यायाने आपोआप घेते, परंतु आमच्या मॉड्यूलांविषयी त्याला काही ठाऊक असण्याचे कारण नाही.

जुन्या नावाची एक पातळ फाइल ठेवून तिने सर्व काही जॉबस्टोअरमधून घ्यावे, हा सोपा उपाय होता. पण त्याने तीच आड येणारी फाइल परत आली असती. म्हणून अनपिकलरचा उपक्लास करून फाइंड-क्लास मध्ये जुन्या नावावरून नव्या नावाकडे नेणारा तक्ता ठेवला. २.७ वर सीपिकलच्या अनपिकलरचा उपक्लास करता येत नाही, म्हणून तिथे पिकल हे साधे मॉड्यूल घेतले. त्यातला अनपिकलर जुन्या धाटणीचा क्लास असल्यामुळे सुपर चालत नाही आणि मूळ मेथड क्लासच्या नावानेच बोलवावी लागते. ते मंद आहे, पण रांग छोटी असते.

आणखी दोन बाबी इथे नोंदवून ठेवते. २.७ ने लिहिलेल्या बाइट-स्ट्रिंग पायथॉन ३ वर उघडताना एनकोडिंग सांगितले नाही तर आस्की गृहीत धरले जाते. मापांसाठी ते बाइट्स असे दिले आणि नंतर मजकुराच्या किल्ल्या हाताने उलगडल्या. उलट दिशेला, २.७ ला पिकलच्या लेखन-स्वरूपांपैकी प्रोटोकॉल २ पर्यंतचेच वाचता येते आणि ३.८ चा आपणहून निवडलेला प्रोटोकॉल ४ असतो, म्हणून लिहिताना प्रोटोकॉल २ स्पष्टपणे नमूद केला.

२१ जानेवारी, मंगळवार

पिकलनंतर मी पूर्ण कोडमध्ये मॉड्यूलांची नावे स्ट्रिंगमध्ये शोधली. चाचण्यांमध्ये मॉकच्या (खऱ्या फंक्शनऐवजी नकली बसवणाऱ्या साधनाच्या) पॅचला युआरएललिब२.युआरएलओपन असा पत्ता दिलेला अनेक ठिकाणी होता. ते पत्ते आवृत्तीनुसार बदलण्याऐवजी, नाव जिथे वापरले जाते त्या आमच्या मॉड्यूलचा पत्ता दिला. मॉकने मुळात तिथेच पॅच करायचे असते, आणि तो पत्ता दोन्हीकडे एकच आहे. मॉक स्वतःसुद्धा ३.३ पासून युनिटटेस्टच्या आत आहे आणि २.७ वर वेगळे पॅकेज आहे, त्यामुळे चाचण्यांसाठी एक लहान कॉम्पॅट वेगळी झाली. सेटिंगच्या नमुना फाइलमध्येही आमच्या जुन्या क्यूचा पत्ता एका जागी होता, तो सुधारला.

२४ जानेवारी, शुक्रवार

कॉम्पॅट फाइलला आता पक्के रूप आले. एकच मोठी अट आहे, वरच्या अर्ध्यात ३ आणि खालच्या अर्ध्यात २.७, दोन्हीकडे बाहेर जाणारी नावे तीच आणि त्याच क्रमाने. वरच्या अर्ध्यात ३.८ आणि ३.१३ यांतील फरकासाठी एकही अट लागली नाही, कारण आम्ही घेतलेली नवी नावे ३.८ वरही आहेत. टाइप तपासणारे मायपाय व्हर्जन-इन्फो ची अट समजून घेते आणि लागू नसलेला अर्धा सोडून देते; ट्राय-एक्सेप्ट असता तर एकाच नावाच्या दोन व्याख्या म्हणून ते अडले असते.

ही शिस्त माणसांच्या आठवणीवर सोडायची नाही, म्हणून एक चाचणी लिहिली. ती एएसटी, म्हणजे कोडच्या रचनेचे झाड, वापरून प्रत्येक फाइलमधील इम्पोर्ट वाचते, आणि कॉम्पॅटच्या बाहेर कुठेही जुने नाव, नुसते युआरएललिब किंवा कलेक्शन्समधून थेट घेतलेले मॅपिंग आढळले तर फाइल आणि ओळ सांगून फसते. दुसरी चाचणी पॅकेजातले प्रत्येक मॉड्यूल एकदा इम्पोर्ट करते. आणि ३.८ व ३.१२ वर सर्व चाचण्या डेप्रिकेशनवॉर्निंगला त्रुटी मानून चालवल्या. ही सूचना एरवी बहुतेक ठिकाणी दडपलेली असते, आणि पुढच्या आवृत्तीत काय जाणार ते सर्वांत आधी तीच सांगते. ३.१२ वर तिने एक जागा दाखवली: सीजीआय मधले पार्स-हेडर; सीजीआय हे मॉड्यूल ३.१३ मध्ये लायब्ररीतून गेले. हेडरमधला कॅरेक्टर-सेट वाचण्यासाठी आता ईमेल.मेसेजची मदत घेतली आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

चारही आवृत्त्यांवर कोऱ्या वातावरणात सर्व चाचण्या पार पडल्या. २.७ च्या संगणकावर नवा कोड काल सायंकाळी चढवला. रांगेतल्या जुन्या नावाच्या सर्व नोंदी तक्त्यामार्फत उघडल्या आणि रात्रीतून सर्व्हरवर पोहोचल्या. आज सकाळी फोल्डर रिकामा होता. तक्त्यातली संकलन.क्यूची ओळ मात्र काढलेली नाही, कारण रांगेचा बॅकअप ९० दिवस ठेवला जातो आणि त्यातून एखादी फाइल परत आणावी लागली तर ती ओळ लागेल. १ मे २०२५ नंतर ती काढावी, असे टिपण तिच्याच शेजारी लिहून ठेवले आहे.